चौदा तारखेला पाचचा भोंगा वाजला नाही

नाव तादोकोरो मिसाओ, वय ४१ वर्षे, काम तोफूच्या कारखान्यात, राहणार नदीकाठची तिसरी गल्ली, मित्सुसे. शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटे.

मी स्वतः चौकीत येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी दोन मुलांसह राहते. मुलगी कोझुए, वय ११, गावच्या मुलांच्या बेसबॉल संघात चेंडू टाकते. मुलगा इबुकी, वय ७. संघात तिसरीपासून घेतात, म्हणून तो बहिणीचे चेंडू आणून देतो. नवरा शिगेकी गेल्या वर्षी १३ नोव्हेंबरला वारला. तो रविवारी संघाला शिकवायचा.

मुलं रोज शाळेनंतर बंधाऱ्याजवळच्या मैदानावर खेळतात. नियम नवऱ्याने घालून दिलेला आहे. नगरपालिकेचा पाचचा भोंगा वाजेपर्यंत मैदान सोडायचं नाही, आणि वाजल्यावर एकही चेंडू टाकायचा नाही. तो गेल्यावर नियम मी बदलला नाही.

आज पावणेचारला दोघं घरातून निघाली. उद्या कोझुएचा सामना आहे. मी घरात होते. भोंग्यावरून वेळ कळते, म्हणून घड्याळाकडे पाहिलं नाही. कोझुए एकटीच आली. दारात मी विचारलं, "इबुकी कुठाय?"

"चेंडू शोधतोय."

"कुठला चेंडू?"

"बाबांचा. न विचारता घेऊन आला आणि मारला लव्हाळ्यात. मी म्हटलं, आता भोंगा वाजेपर्यंत शोधत बस."

"आणि तू आलीस?"

"मला राग आला होता. साडेचारलाच निघाले, कानाएच्या घरी थांबले. अजून वाजला कुठे, आई?"

तेव्हा मी घड्याळ पाहिलं. पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बाहेर पूर्ण अंधार होता.

मी मैदानावर गेले. मुलाची बॅट जाळीला टेकवून ठेवलेली होती. मी हाका मारल्या. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे माणसाचा आवाज पोचत नाही. लव्हाळं डोक्याच्या वर आहे. पाण्याच्या कडेला चिखलात त्याचा डाव्या पायाचा बूट मिळाला. तो बूट आत्ता या टेबलावर आहे. बूट त्याचाच, हे मी ओळखते. आत नाव माझ्या अक्षरात आहे.

शेजारचे ओताके आजोबा बॅटरी घेऊन आले. ते म्हणाले, "मिसाओ, आज भोंगा वाजणारच नव्हता. त्याच्या खांबाचं काम चाललंय. गल्लीत घरोघर फिरते त्या पाटीवर लिहिलं होतं म्हणे."

मी म्हटलं, "पाटी माझ्याकडे आहे, आजोबा."

"ते ठाऊक आहे. म्हणून तर माझ्याकडे आली नाही. मला न्हाव्याकडे कळलं."

एवढंच बोलले. मग ते लव्हाळ्यात शिरले. त्यांचं वय ७८ आहे.

पाटीबद्दल विचारल्यावरून सांगते. गल्लीची सूचनांची पाटी मंगळवारी, अकरा तारखेला माझ्याकडे आली. वाचायची, यादीत आपल्या नावापुढे सहीऐवजी शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. यादीत आमच्या घराला अजून नवऱ्याचं नाव आहे, म्हणून मी त्याचाच शिक्का मारते. शिक्का ज्या खणात आहे त्यात त्याच्या इतर वस्तू आहेत. या आठवड्यात मी तो खण उघडला नाही. पाटी न वाचता चपलांच्या कपाटावर ठेवली. चौदा तारखेला भोंगा बंद, मुलांना साडेचारला घरी बोलवावं, असं तिच्यावर आहे. खण का उघडला नाही असं विचारलं. काल तेरा तारीख होती.

मुलाचं कोणाशी भांडण नाही. घरातून पळून जाण्यासारखं काही घडलेलं नाही. त्याला पोहता येत नाही.

हे लिहून घेत असताना बाकावरून कोझुए म्हणाली, "तो लपला नाहीये, काका. भोंग्याची वाट बघतोय."

हवालदार कुरिहारा तिला म्हणाले, "बाळ, एवढ्या अंधारात कोणीही घरी येईल."

"इबुकी नाही यायचा. कालच मला म्हणाला, ताई, तू बाबांचा नियम मोडतेस, मी नाही मोडत."

मीही सांगितलं की भोंगा वाजल्याशिवाय तो येणार नाही. भोंगा वाजवावा अशी मी विनंती केली. कुरिहारा यांनी नगरपालिकेत फोन लावला. खांबाचं काम सहाला संपलं होतं. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, ते मला ऐकू आलं. "पावणेसातला पाचचा भोंगा? सगळं गाव फोन करील मला."

कुरिहारा म्हणाले, "करू दे. त्यांना माझा नंबर द्या."

६ वाजून ४८ मिनिटांनी भोंगा वाजला. पूर्ण वाजला. त्या वेळी लिहिणं थांबवलं होतं. कोझुएने बूट मांडीवर घेतला होता. तो तिच्याकडून कोणी परत मागितला नाही.

७ वाजून ३ मिनिटांनी मैदानावर शोधायला गेलेल्या शिपायाचा फोन आला. मुलगा बंधाऱ्याच्या दरवाजामागच्या कट्ट्याआडून स्वतःहून चालत आला. तिथे वारा लागत नाही. एक पाय अनवाणी, बाकी ठीक. त्याने शिपायाला विचारलं, "आज भोंगा एवढा उशिरा का?" चेंडू त्याच्या हातात होता. अंधार पडायच्या आधीच सापडला होता, असं त्याने सांगितलं.

एक दुरुस्ती करावी. पावणेचारनंतर मी घरकाम करत होते असं कुरिहारा यांनी लिहिलं होतं. ते चांगुलपणाने लिहिलं, पण तसं नव्हतं. मी पुस्तक वाचत होते. ते खोडून तसं लिहावं.

दुरुस्ती केलेला जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, नंतर मी स्वतःही वाचला. मी सांगितलं तेच त्यात आहे. शिक्का घरी खणात आहे, म्हणून सहीजवळ त्याऐवजी बोटाचा ठसा दिला. पाटी आज रात्रीच ओताके यांच्याकडे पोचवते.

सही
तादोकोरो मिसाओ