वळण घेऊन येणारा म्हातारा

सिडनीत मत देऊन टेसा शाळेच्या फाटकापाशी मतदानाच्या दिवशी विकतात त्या पाव-सॉसेजच्या रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"लॉर्ना, सरळ रांग म्हणजे शुद्ध अडाणीपणा! विमानं उतरवायला आम्ही बनवलेलं मायक्रोवेव्ह लहरींचं यंत्र होतं ना, त्याच्या आधाराने विमान बाजूने वळण घेत यायचं आणि रांगेतल्या दोन विमानांमधल्या जागेत अलगद बसायचं."

"याला घुसणं म्हणतात, क्लाइव्ह."

"थांब, दाखवतोच."

तो झाडाला वळसा घालून थेट पुढे गेला.

"ओ आजोबा! मागे जा, सगळ्यात शेवटी!" रांगेतलं कुणीतरी ओरडलं.

क्लाइव्ह टेसाच्या मागे येऊन उभा राहिला. तेवढ्यात लॉर्नाचा नंबर लागला.

"घ्या बाई, शेवटचा सॉसेज. संपले!" विकणारा म्हणाला.

"लॉर्ना, अर्धा देतेस?"

"आधी सांग, विमानतळांनी तुझं यंत्र का नाही घेतलं?"

"म्हणाले, सरळ रांगच बरी."

"हं. घे, खा."