कडेचे तीन इंच

बस ना व्हिवियन, उभी का? दोन मिनिटांचं काम, एक बाजू राहिलीय. बायकोनं स्वतः यायचं नाही, हॉटेलातल्या मैत्रिणीला धाडायचं — वा रे वा! आठ वर्षं ॲलिस याच काउंटरवर बसली, तू बसलीस त्याच स्टुलावर, आणि आता तिला इंटरनॅशनल सिटीचा रस्ता सापडत नाही? कुठं राहते गं? तुझ्याकडेच ना, अल बर्शाला? बरं, नको सांगू. मी कुठं विचारलं?

ही पक्कड बघ. हिनं फोटो छापलेला कॅनव्हास ओढायचा, लाकडी चौकटीवरून मागं वळवायचा आणि पिन मारायची — खट्ट! ढोलासारखा वाजला पाहिजे. जोर लागतो, आणि माझ्या हातात जोर आहे — कामाचा जोर म्हणतोय मी, असं काय बघतेस? पण पिन बघून मारायची हां. कॅनव्हासला एकदा भोक पडलं की पडलं, ते बुजत नाही. येईल त्या कस्टमरला सांगतो मी हे.

काय सांगितलं तिनं तुला? हात उचलला म्हणून? एकदा. एकदाच — बरं, दोनदा, पण आधीची नुसती थप्पड होती, ती काय कुणी मोजतं? त्या दिवशी डोकंच फिरलं माझं. लियाकतभाई म्हणून कस्टमर, मुलाच्या लग्नाचा फोटो. आता फोटोचे कडेचे तीन इंच मागं वळतात, त्यात त्याचा म्हातारा बाप गेला, अर्धं तोंड बाजूला, अर्धं मागं. होते चूक! मी म्हणत होतो, फाइलच तशी आली. तर ही बया मध्येच — "नाही भाईसाब, गलती हमारी है." कस्टमरच्या तोंडावर! माझ्याच दुकानात! तो गेला, मी शटर अर्धं ओढलं, हातात चौकटीची पट्टी होती. हातात होती म्हणून लागली, मी काय शोधायला गेलो नव्हतो. कोपरा बसला उजव्या भुवईवर. पाच टाके. देवा, भुवईचं रक्त किती येतं गं, सगळं टेबल... डॉक्टरला तिनंच सांगितलं, शेल्फ पडलं म्हणून. मी शिकवलं नव्हतं. म्हणजे गाडीत म्हटलं होतं, एवढंच बोल, जास्त नको.

आणि आता हिला काय पाहिजे माझ्याकडून? दागिने नको, कपडे नको, फक्त मम्मीचा कॅनव्हास. सासू माझी, ईस्टरनंतर वसईला वारली. हा तिचा शेवटचा फोटो, चर्चच्या सणाचा — मम्मी खुर्चीत, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून ही, अगदी कडेला. आता कडेला उभी राहिलीस तर मी काय करू? नियम म्हणजे नियम. तीन इंच मागं जाणार. खट्ट! — हां, माहितीये मला, कड वाढवून छापता येतं, कुणाचं तोंड जात नाही. दहा मिनिटांचं काम. नाही केलं. खट्ट! माझं घर सोडून जाते? खट्ट! खट्ट! आता राहा म्हणावं मागं, भिंतीकडे तोंड करून. खट्ट!

झालं. घे. पुढून बघ, एकटी मम्मी, किती छान दिसते.

अगं, उलटा का केलास? थांब — ती पक्कड ठेव खाली. व्हिवियन, हात कापेल तुझा! पिना अशा उपटतात होय? ठेव म्हणतो ना, नाहीतर मी... नाही. नाही गं, मी काही करत नाही. हे बघ, हात खाली. तू कशाला दाराकडे सरकतेस?

काढल्यास सगळ्या? खांद्यावरचा हात मोकळा झाला तिचा. बरं. पण तोंडाकडचं उलगडू नको, तेवढं राहू दे.

उलगडलंसच ना? पिना भुवईतच गेल्यात. मी न बघता मारल्या, शपथ — कसली शपथ, बघूनच मारल्या. उजवीच ना? उजवीच.

गुंडाळून ने. मध्ये कागद घाल, रंगाला ओरखडा येईल. तिला म्हणावं, ॲल्फ्रेड दुसरा छापून... नको, काही म्हणू नको. उजेडासमोर कशाला धरतेस? नको धरूस म्हटलं ना, पाचही भोकं दिसतात! खलास. जा तू. दुकान बंद आहे.