ताऱ्याच्या उजेडावरून

कोपर सुजलेला प्लंबर एक्स-रेच्या खोलीबाहेर नंबरची वाट बघत बसला होता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक बोलत होते. त्याला ऐकायचं नव्हतं, पण कान थोडेच मिटता येतात.

“तू डॉक्टर झालीस ना? मग अजून शिकतेस कशाला?”

“शिकत नाही बाबा. डॉक्टरेटनंतरचं संशोधन आहे, दोन वर्षांचं.”

“म्हणजे करतेस काय?”

“दूरचे ग्रह कशाचे बनलेत ते शोधते. त्यावरून कळतं, तिथली जमीन आपल्यासारखी सरकत असेल का.”

“आपली जमीन सरकते?”

“नखं वाढतात त्या वेगानं.”

प्लंबरने गुपचूप पाय फरशीवरून उचलले आणि पुन्हा टेकवले.

“आणि तो ग्रह तुला दिसतो?”

“नाही. त्याचा तारा दिसतो. ताऱ्याच्या उजेडावरून ग्रहाच्या आत काय असेल ते काढायचं.”

“न बघता?”

“न बघता. पण बाबा, चार महिने छातीत दुखत होतं, तर सांगायचं नाही? मी रोज फोनवर विचारत होते.”

“आणि मी रोज बरा आहे म्हणत होतो.”

“मग मला कळणार कसं?”

“त्या ग्रहाच्या आतलं काय त्याला विचारून काढतेस का गं?”