पाणी चावतंय

रुचिका: फिल्टर मी देतेच, प्रितमदादा, माझं दुकानच त्याचं आहे. पण जुना का बदलायचाय ते तरी सांगा. तुमच्या मोबाइलवरच्या फोटोत पाणी तर स्वच्छ दिसतंय.

प्रितम: पाणी स्वच्छ हाय, पण मासे खराब होतायत ना. तुम्ही मोठ्यातला मोठा दाखवा, ताई. बाबा बोलले, कोनगावला जा, तिथल्या दुकानातल्या बाईला माशांचं कळतं. आता तुम्ही चौकशी करत बसलात तर इथंच दुपार होईल.

रुचिका: तलाव केवढा?

प्रितम: बारा बाय आठ, चार फूट खोल. कामतघरला आमची कापडाच्या लूमची शेड हाय, तिच्या नि घराच्या मध्ये. आधी म्हशी बांधायचो तिथं. बाबांनी जन्मभर खाडीतले मासे पकडून खाल्ले, आता म्हातारपणी हे जपानी पाळलेत. आई बोलते, एवढे लाड पोरांचे पण नाय केले.

रुचिका: किती आहेत?

प्रितम: नऊ होते. सात राहिले.

रुचिका: मेलेल्यांच्या अंगावर फोड, डाग, काही?

प्रितम: काय नाय. फक्त वाकडे झालेले. हा बघा, लाल-पांढरा, बाबांचा सगळ्यात लाडका. मधनंच मोडल्यासारखा दिसतो.

रुचिका: आणि सगळे एकाच कोपऱ्यात का बसलेत?

प्रितम: हल्ली तिथंच बसतात. खाणं टाकलं तरी लवकर येत नाय.

रुचिका: फिल्टरची मोटर कुठल्या बाजूला आहे?

प्रितम: बरोबर समोरच्या. आवाज करते, घाबरत असतील.

रुचिका: पाण्यात बुडवलेली आहे का?

प्रितम: तळाला. म्हणून तर बोलतो, मोटरसकट अख्खा सेट द्या. त्या मोटरनी आधीच डोकं खाल्लंय. गणपतीच्या आधी ती लावली की घरची लाइट जायची. लावली की खटका पडलाच.

रुचिका: मग काय केलंत?

प्रितम: लूमच्या वायरमनला बोलावला. त्याने शेडच्या बोर्डावरून डायरेक्ट लाइन टाकून दिली. तेव्हापासून एकदा पण बंद पडली नाय. एक नंबर चालते.

रुचिका: त्या लाइनीला खटका आहे?

प्रितम: डायरेक्ट बोललो ना.

रुचिका: अर्थिंग?

प्रितम: ते वायरमनला माहीत. ताई, तुम्ही फिल्टर विकता की मीटर तपासता?

रुचिका: मासे वाकडे कधीपासून झाले?

प्रितम: गणपती झाल्यावर. पंधरा दिवस झाले असतील.

रुचिका: दादा, फिल्टर घाण झाला म्हणून मासा असा मोडत नाही. पाण्यात करंट उतरला तर मोडतो. आकडी येते त्याला आणि पाठीचा कणा जातो. तुमचा खटका उगाच पडत नव्हता.

प्रितम: करंट? काय बोलता. बाबा रोज सकाळी हाताने खाऊ घालतात त्यांना. कोपरापर्यंत हात पाण्यात असतो. त्यांना कधी काय झालं नाय.

रुचिका: पायात काय असतं त्यांच्या?

प्रितम: रबरी स्लीपर. मागं सगळं ओलं असतं ना.

रुचिका: आणखी कुणी हात घालतं? पाय?

प्रितम: कोण नाय. एक तो जान्या. वाडीवरून कामाला येतो आमच्याकडं. काल त्याला ही माशांची टाकी साफ करायला सांगितलं, तर एक पाय घातला आणि लगेच बाहेर. बोलतो, शेठ, पाणी चावतंय. बाबा बोलले, साला सकाळीच पिऊन आलाय. मी पण हसलो.

रुचिका: तो अनवाणी होता?

प्रितम: तो कुठं चप्पल घालतो.

रुचिका: प्यायलेला नव्हता तो, दादा. खरं सांगत होता. घरी फोन लावा. ती लाइन तोडेपर्यंत त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही, म्हणावं.

प्रितम: पण बाबा तर...

रुचिका: बाबा काय?

प्रितम: मी निघालो तेव्हा बोलले, तू नवीन घेऊन ये, तोवर जुना मी काढून ठेवतो. जान्याच्या डोळ्यांदेखत उतरतो बोलले, कळू दे त्याला पाणी चावतं का ते. स्लीपर असेल पायात. स्लीपर असते त्यांच्या.

रुचिका: पाण्यात उतरल्यावर स्लीपरचा काय उपयोग?

प्रितम: आणि आज माशांना खाऊ घालून आले नि मग घट बसवले. नवरात्रात नऊ दिवस चप्पल घालत नाय ते.

रुचिका: लावा फोन. स्पीकरवर टाका, मी सांगते काय करायचं ते.

प्रितम: वाजतोय. उचलत नायत. ताई, मला भीती वाटतेय. उचला ना, बाबा.

कमळा: हॅलो, कोन? जरा मोठ्यानं बोल, लूम चालू हायत.

प्रितम: आई? बाबांचा फोन तू कसा उचललास?

कमळा: घरात ठेवून गेलेत. पान्यात भिजंल बोलले. तू निघालास का? येताना दोन नारळ आन, घटाला...

प्रितम: आई, बाबा कुठं हायत?

कमळा: मागं, टाकीवर. जान्याला घेऊन गेलेत. त्याला सकाळपासून किती बोलले, आज सनाच्या दिवशी बरं दिसतं का? गरीब मानूस, उभा राहून ऐकत होता.

रुचिका: मावशी, मी दुकानातून बोलतेय. टाकीकडे जाऊ नका. आधी शेडमध्ये जा आणि मेन स्विच पाडा. तुमच्या तलावात करंट आलाय.

कमळा: शेडमधी? मी न्हाय कधी जात तिकडं. कारीगर काम करतायत.

प्रितम: आई, दारातून शिरली की डाव्या हाताला लाल हँडल हाय. सगळी लाइट जाईल, जाऊ दे. जा लवकर. फोन ठेवू नको.

कमळा: चालले रे, चालले. माझे गुडघे... ए भैया, हटो जरा. ये लाल वाला? प्रितम, हे खाली करायचं ना? कारीगर नको बोलतोय, कापड बिघडंल बोलतो.

प्रितम: बिघडू दे. खाली कर.

(फोनमधला लूमचा खडखडाट एकदम थांबतो.)

कमळा: केलं.

प्रितम: आता बाबांना हाक मार.

कमळा: अवं... ऐकलंत का... अवं प्रितमचे बाबा...

प्रितम: बोलले?

कमळा: न्हाय. आता तर लूम पन बंद हायत, ऐकायला जायाला पायजे.

रुचिका: मावशी, पुन्हा मारा. तिथूनच मारा, पुढे जाऊ नका.

कमळा: मारली पोरी, दोनदा मारली. थांब, जान्या येतोय मागनं.

प्रितम: एकटा?

कमळा: एकटाच.

प्रितम: पळत येतोय का, आई?

कमळा: न्हाय रे. सावकाश येतोय. हातात ह्यांचा सदरा हाय.