अक्कलदाढेची जागा

मावशी: तरी पण डॉक्टर, जागा अशी उघडीच ठेवायची? नवी दाढ नाही का बसवत तिथे?

डॉक्टर: अक्कलदाढेच्या जागी नाही बसवत. पुढची दाढ काढली असती, तर मीच बसवा म्हणालो असतो. नाहीतर शेजारचे दात कलतात. हिच्या पलीकडे कुणी नाहीच. आणि तुमची आडवी होती, चावायच्या कामाला कधी आलीच नाही. तो कापूस नीट दाबून धरा. बोलू नका.

मुलगी: अक्कल गेली म्हणून घाबरल्यात त्या.

मावशी: माझी अक्कल लग्नातच गेली. ही नुसती दाढ.

डॉक्टर: तुमच्या आईंना गप्प बसवणं कठीण आहे हं.

मुलगी: मावशी आहेत.

डॉक्टर: आईंच्या बहीण?

मावशी: छे हो. हिची आई गेली, मग हिच्या बाबांनी माझ्याशी लग्न केलं. ही तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायची. मीसुद्धा अशीच, उशिरा उगवलेली. जागा नसताना.

मुलगी: मावशी, कापूस.

डॉक्टर: उगीच खटाटोप करू नका. हिरडी आपोआप भरून येईल. त्या दाढेवाचून तुमचं काही अडणार नाही.

मावशी: घ्या! हेही तुझ्यासारखंच बोलले.

डॉक्टर: बसा दोघी इथेच. मी गोळ्या लिहून आणतो.

(डॉक्टर बाहेर जातात.)

मुलगी: माझ्यासारखं म्हणजे? मी काय बोलले?

मावशी: जाऊ दे.

मुलगी: नाही, सांगा.

मावशी: भाऊ फोनवर म्हणाला, 'आता तिथे कुणासाठी राहतेस? माझ्याकडे ये.' मी तुला विचारलं, जाऊ का? तू म्हणालीस, 'जा की. तुमच्यावाचून इथे काही अडणार नाही.'

मुलगी: अहो, ते तुमचा पाय निघावा म्हणून म्हटलं! बाबांच्या आजारपणात तुम्ही उंबऱ्याबाहेर पडला नव्हतात. वाटलं, आता तरी माझी काळजी न करता जाल.

मावशी: मला वाटलं, तुझे बाबा गेले, आता माझं काम संपलं.

मुलगी: मग तेव्हाच का नाही विचारलंत?

मावशी: काय विचारू? 'माझ्यावाचून तुझं काही अडतं का गं' असं? कोण विचारतं असं? आपल्या वरच्या मजल्यावरची ती पोर आठवते? आईशी कचाकचा भांडायची. 'तू गप्प बस, तुला काही कळत नाही.' ती बाई माझ्यापाशी येऊन रडायची, आणि मी तिला चहा करून देताना मनातल्या मनात जळायचे. तू कधी आवाज चढवला नाहीस. रागावलीस तरी 'तुम्ही'.

मुलगी: बाबांनी सांगितलं होतं, मान देऊन बोलायचं.

मावशी: दिलास की. भरपूर दिलास.

मुलगी: चुकलंच माझं. एकदा मला ताप आला होता, तुम्ही डोक्यावर पट्ट्या ठेवत होतात. तेव्हा अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मग वाटलं, तुम्हाला आई म्हटलं तर आईची जागा भरली असं होईल. आणि मी गिळून टाकलं.

मावशी: मला तिची जागा नको होती गं. शेजारी जरा सरकून दिली असतीस, तरी मी—

मुलगी: अगं, बोलू नकोस ना! कापूस बघ केवढा लाल झालाय. दाब आधी.

मावशी: काय म्हणालीस?

मुलगी: काही नाही. बोलू नका म्हटलं.

मावशी: नाही. तसं नाही म्हणालीस.

मुलगी: ...बोलू नकोस म्हटलं.

मावशी: हे आधी म्हणाली असतीस, तर भावाला येते म्हणून कळवलं नसतं गं. खोली रंगवून घेतलीय त्याने माझ्यासाठी.

मुलगी: किती बोलतेस! तोंड मिट. अजून रक्त थांबत नाहीये.