धर्माला मी शिकवलेलं उत्तर

सन्माननीय अध्यक्ष रामनाथजी पाटील, व्यासपीठावरच्या आमच्या मुख्याध्यापिका ग्रेसी डिमेलो, संस्थेचे विश्वस्त, माझे सहकारी, आणि भुईगाव-कामणहून हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

निवृत्तीच्या निरोपाला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आणि माझ्या लायकीपेक्षा बरंच जास्त बोललात. क्षितिजाने आत्ता सांगितलं, की लतिकाबाईंच्या रविवारच्या मुलाखत-वर्गामुळे तिला बँकेत नोकरी लागली. नोकरी तिला तिच्या हुशारीने लागली. पण वर्गाचा विषय निघालाच आहे, तर धर्माबद्दल बोलल्याशिवाय मला इथून खाली उतरता येणार नाही. अध्यक्ष महोदय, पाच मिनिटं जास्त घेईन.

धर्मा कामणचा. दहावी पास. वडील नव्हते, आई धोंडूबाई भाजी विकायच्या. शहाण्णव साली तो वर्गात आला तेव्हा प्रश्न विचारला की मान खाली घालायचा. तीन महिने मी त्याला घडवलं. नजर वर, पाठ ताठ, शर्ट खोचलेला. ‘पानी’ नाही, ‘पाणी’. सरावाच्या मुलाखतीत मी विचारलं, “पत्रा कापायचं प्रेस मशीन चालवता येतं?”

“नाय बाई, मना नाय येत.”

मी त्याला सगळ्यांसमोर थांबवलं. म्हटलं, “मुलाखतीत ‘येत नाही’ म्हणायचं नसतं. आधी ‘येतं’ म्हणायचं, मग शिकून घ्यायचं. छाप पडली पाहिजे.”

छाप पडली. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात साहेबांनी नेमका तोच प्रश्न विचारला. धर्मा म्हणाला, “येतं. वर्षभर चालवलंय.” दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन शाळेत आला. कामाच्या सहाव्या दिवशी त्याच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली.

पुढे कारखान्यात चौकशी बसली, त्याला दुसरं काम द्यायचं की काढून टाकायचं. शिकलेलं कुणी सोबत असावं म्हणून धोंडूबाईंनी मला नेलं. मॅनेजरने विचारलं, “अनुभव आहे असं खोटं सांगायला तुला कोणी शिकवलं?”

धर्मा माझ्या शेजारी बसला होता. पट्टी बांधलेला हात मांडीवर. म्हणाला, “कोनी नाय. मीच बोललो.”

मी त्या वेळी काय केलं असेल, असं वाटतं तुम्हाला? गप्प बसले. शाळेचं नाव जाईल, वर्ग बंद पडेल, अशी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. खरं तर मला भीती वाटली. त्याला कामावरून काढलं. बाहेर आल्यावर धोंडूबाई माझे हात धरून म्हणाल्या, “बाई, तुमी आलात, लय आधार वाटला.”

याला आता दहा वर्षं झाली. धर्मा गोदामावर राखणीला असतो. परवा या समारंभाची पत्रिका घेऊन मी त्याच्या घरी गेले. म्हटलं, “धर्मा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

त्याने डाव्या हाताने पत्रिका घेतली. मग म्हणाला, “हो बाई. बोलायला पायजे होतं.”

आज तो आलेला नाही.

संस्थेने मला तीस वर्षं सांभाळलं, सहकाऱ्यांनी समजून घेतलं, त्यांची मी ऋणी आहे. क्षितिजा, पुढच्या रविवारपासून वर्ग तू घेणार आहेस. एखादं मूल ‘येत नाही’ म्हणालं, तर त्याला थांबवू नकोस. आजच्या बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, वेळ जास्त झाला असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका.