तांब्याभर गंगा

हिंगणघाटची मोटार रस्त्यातच उकळून उभी राहिली, तेव्हा खिडकीशी बसलेल्या सुमती मास्तरणीनं पुस्तक मिटलं. बाहेर ड्रायव्हर रूपराव आणि तांब्या पोटाशी धरलेली आनंदाबाई बोलत होती. शब्द न् शब्द आत येत होता.

"आनंदाबाई, रेडिएटर कोरडं पडलं. इथं विहीर नाई, नालाही आटला. तुमच्या तांब्यात पाणी हाये ना?"

"गंगेचं हाये. लाखेनं तोंड बंद केलं हाये. भावाची शेवटची घडी हाये, त्याच्या तोंडात घालाचं हाये."

"हिंगणघाट तीन मैल. तांब्याभर पाण्यात गाडी पोचते."

"अन् मंग भावाले काय पाजू?"

"गाडीच नाई गेली तर? पायी पोचाल तवर..."

"पुढचं नको बोलू. पण सकाळी वर्ध्याले तूच म्हणत होता ना, रेडिएटरले छिद्र हाये म्हणून?"

"त्यात हळद टाकली. बुजलं ते. आम्ही असंच करतो."

"मंग काऊन थांबला? घे, ओत."

"जरा थंड होऊ द्या, बाई. तापल्यावर ओतलं तर इंजिन तडकते."

"तवर माहा भाऊ थांबन काय?"

बऱ्याच वेळानं रूपरावनं लाख फोडली, तांब्या रिकामा केला आणि हँडल मारलं. मोटार घरघरली.

"चाला, बसा लवकर."

"रूपराव, हे खाली पिवळं काय टपकून राह्यलं?"

"हळद हाये, बाई. नुसती हळद. तुम्ही बसा."